शिबिरास दुहेरी कुलूप

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांत उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे एक प्रश्न हटकून निघतो : मुलांना यंदा कोणत्या शिबिरास धाडावयाचे? कोणी सह्याद्रीतील गडकोटांच्या पदभ्रमणाचे नाव घेतो, कोणी हिमालयाच्या पायथ्याशी पडणाऱ्या छावणीचे. बदलीच्या गावी वाढलेल्या मुलांना चार दिवस मातृभाषेत हसता-खेळता यावे, अंगी धीटपणा यावा, हा हेतू स्तुत्यच आहे. आमचे म्हणणे आहे ते ह्या शिबिरांच्या एका घडणीविषयी. त्यांतील कित्येक तरुणांनीच चालविलेली असतात. एकोणीस-वीस वर्षांचे प्रमुख, सोळा-सतरा वर्षांचे तंबूनायक आणि त्यांच्या हाती सोपविलेली बारा-तेरा वर्षांची मुले. वडीलधारी मंडळी उद्घाटनास येतात आणि समारोपास येतात. मधल्या रात्री तंबूत काय चालते हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, असे विचारले तर उत्तर मिळत नाही; रुसवा मात्र मिळतो.

असा रुसवा आम्ही एका मंडळाच्या बैठकीत नुकताच पाहिला. किशोरवयीन मुलामुलींवर शिबिरात लैंगिक अत्याचार होऊ नये म्हणून काही लेखी नियम असावेत, अशी सूचना आम्ही काही जणांनी मांडली होती. त्यावर एक ज्येष्ठ सभासद उद्गारले, "निःस्वार्थपणे राबणाऱ्या पोरांवर हा संशय कशासाठी? तुमची कारकुनी डोंगरावर तरी नेऊ नका!" टाळ्या पडल्या आणि सूचना बारगळली.

कारकुनीचा आरोप आम्हांस मान्य आहे. त्यावरच आमचे पोट भरते. पण ज्यांचा जन्म सरकारी कचेरीत गेला, त्यांनी तरी तो करावयास नको होता. कोषागाराच्या तिजोरीस दुहेरी कुलूप असते. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांपाशी असतात आणि एकट्याने ती उघडता येत नाही. ह्या व्यवस्थेमुळे आपल्या प्रामाणिकपणास बट्टा लागला, असे म्हणणारा कोषागार अधिकारी आजवर आमच्या पाहण्यात नाही. उलट उद्या रकमेत तूट आली तर हेच कुलूप त्याचा साक्षीदार होते. जी खबरदारी आपण नोटांच्या पुडक्यांसाठी घेतो, ती पोटच्या मुलांसाठी घेतली की लगेच अपमान कसा होतो?

तरुणांच्या हाती नेतृत्व देण्याची कल्पना आम्हांस अप्रिय आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. बेडन-पॉवेल ह्यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांची छावणी भरविली, तेव्हा मुलांचे लहान लहान संघ पाडून प्रत्येक संघावर त्यांच्यातलाच एक नायक नेमला. बालवीर चळवळीचे सारे तेज ह्या पद्धतीत आहे. परंतु त्याच चळवळीच्या अमेरिकन शाखेत पुढे काय झाले, हे आमच्या ज्येष्ठ मित्रांनी अवश्य वाचावे. ज्या प्रौढ स्वयंसेवकांविषयी मुलांशी कुकर्म केल्याच्या तक्रारी आल्या, त्यांची गोपनीय दप्तरे ही संस्था १९२० च्या दशकापासून ठेवीत होती. हेतू असा की, अशी माणसे पुन्हा संस्थेत शिरू नयेत. पण दप्तर कुलपात, संस्थेची अब्रू शाबूत, आणि पालकांना पत्ता नाही! अनेक प्रकरणे पोलिसांपर्यंत गेलीच नाहीत; काही ठिकाणी तर गावच्या पोलिसांनी आणि धर्मगुरूंनीच ती मिटविण्यास हातभार लावला. २०१२ साली ओरेगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९६५ ते १९८५ ह्या काळातील बाराशेहून अधिक दप्तरे उघडी झाली, तेव्हा हे जगास कळले. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या कामात ८२,००० हून अधिक पीडितांचे दावे दाखल झाले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने जी योजना मंजूर केली, तिच्यातील भरपाई निधी सुमारे २४६ कोटी डॉलरांचा होता. आम्ही दप्तरे सांभाळणारी माणसे आहोत. कार्यवाहीसाठी ठेवलेली फाईल कोणती आणि दडपण्यासाठी ठेवलेली कोणती, हे ओळखण्यास आम्हांस चष्मा लागत नाही.

"ते अमेरिकेत झाले, आपल्याकडे असे नसते," हे वाक्य आम्ही त्या बैठकीतही ऐकले. तर मग २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने प्रसिद्ध केलेला अहवाल पाहावा. तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांची पाहणी झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि छळ करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे ओळखीचे वा विश्वासातले निघाले. छावणीचेच उदाहरण हवे असेल तर तामिळनाडूतील कृष्णगिरी जिल्ह्याकडे पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका खाजगी शाळेत राष्ट्रीय छात्रसेनेच्या नावाने शिबिर भरले. शाळेत छात्रसेनेचे पथकच नव्हते. शिबिराशी आपला संबंध नाही, असे छात्रसेनेने पुढे जाहीर केले. त्या शिबिरात शाळेतच मुक्कामास असलेल्या एका अल्पवयीन मुलीवर तोतया प्रशिक्षकाने अत्याचार केल्याची फिर्याद झाली, आणि प्रकरण दडपल्याच्या आरोपावरून मुख्याध्यापकांसह इतरांनाही अटक झाली. गणवेश, शिट्टी आणि खणखणीत आवाज, एवढ्या भांडवलावर त्या माणसाला मुलींच्या मुक्कामी प्रवेश मिळाला होता.

आपल्या मंडळांत गणवेशाचे काम भाषा करते. परमुलखात कोणी अस्खलित मराठी बोलला, पुण्या-नागपुराकडची ओळख सांगितली, की निम्मी चौकशी तेथेच संपते. "आपलाच मुलगा आहे हो!" ह्या चार शब्दांवर आपण आपली मुले आठ-आठ दिवस दुसऱ्याच्या हवाली करतो. विश्वासघात करणारा माणूस हेच हेरतो. तो आधी आईबापांचा लाडका होतो, मग मुलाला भेटी देतो, मध्यरात्री खाजगी संदेश धाडतो, "हे आपल्या दोघांतच," असे सांगतो. मुलाला घरी बोलावेसे वाटले तरी जीभ रेटत नाही; ज्याच्याविषयी बोलावयाचे, तो वडिलांच्या पंक्तीला जेवत असतो.

आणि आणखी एक गोष्ट. तंबूनायक सतरा वर्षांचा असेल तर कायद्याने तोही बालकच होय. त्याच्या हाती लहानांची झोप, न्हाणे, शिक्षा हे सारे सोपवून आपण नामानिराळे होतो, तेव्हा लहानांना तर उघड्यावर टाकतोच. त्या मुलालाही त्याच्या वयास न पेलणारी सत्ता देतो, आणि त्याच्या वरच्या दादाने त्याचाच गैरफायदा घेतला तर त्याला जावयास जागा ठेवीत नाही. अमेरिकन संस्थेने फार उशिरा का होईना, नियम केले : प्रत्येक कार्यक्रमास किमान दोन नोंदणीकृत प्रौढ हवेत, कोणीही प्रौढ मुलासोबत एकांतात राहणार नाही, एका तंबूत निजणाऱ्या मुलांच्या वयांत दोन वर्षांहून अधिक अंतर असणार नाही. ह्यांतील कोणत्या नियमाने डोंगराची उंची कमी होते? संघनायकाने वाट शोधावी, स्वयंपाक लावावा, चुकावे, पुन्हा शोधावे. हाकेच्या अंतरावर दोन जाणते असले म्हणून त्याचे नायकपण उणे होत नाही.

आमचा कायदाही मुका नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम, ज्यास लोक पॉक्सो म्हणतात, त्याच्या कलम १९ अन्वये असा अपराध घडल्याचे ज्यास कळले त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड. हाताखालच्या माणसाचा अपराध संस्थाचालकाने लपविला तर एक वर्षापर्यंत कैद. "आधी कार्यकारिणीत चर्चा करू" अशी सवलत त्यात कोठेही नाही. २०२० च्या नियमांनी मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी सक्तीची केली आहे. पण शब्दयोजना पाहावी : नियम कर्मचाऱ्यांविषयी बोलतो, आणि आमच्या शिबिरांत पगारी असा कोणीच नसतो! निःस्वार्थ सेवेचा जो गौरव बैठकीत झाला, त्याच सेवेच्या आडून ही फट राहते. ती मंडळांनी आपण होऊन बुजवावयास हवी. १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक मुलांना पाठ करून देण्यास तर ठरावही लागत नाही.

कोणी म्हणेल, एवढे सोपस्कार केले तर स्वयंसेवक मिळणार नाहीत. मिळणार नसतील तर शिबिर लहान करावे. दोन जाणती माणसे देऊ न शकणाऱ्या मंडळाने चाळीस मुले नेण्याचा हव्यास का धरावा?

यंदाच्या शिबिराचा छापील अर्ज आमच्याकडे आला आहे. त्यात मुलाचा रक्तगट विचारला आहे, बुटाचे माप विचारले आहे, पोहता येते की नाही हेही विचारले आहे. सोबत जाणारे प्रौढ कोण, तंबूनायकांची वये काय, तक्रार कोणाकडे करावयाची, ह्यांविषयी एक ओळ नाही. आम्ही काही पालकांनी चिटणीसांना पत्र लिहून ही माहिती मागविली. नावे मुक्कामावर पोहोचल्यानंतर ठरतील, असे त्यांचे उत्तर आले आहे. आम्ही अर्जांवर अद्याप सही केलेली नाही.