जर्मनीत कुठे चोर असतात?

"अरे, तिकडेपण चोर असतात?" फोनवर आईचा पहिला प्रश्न हाच होता. सांगलीत बसून तिला खरंच नवल वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट. इथे दिवाळीला सुट्टी नाही, त्यामुळे मंडळाचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी होता. आम्ही राहतो श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात, तळमजल्यावर, मागे छोटीशी बाग. फराळाच्या टेबलाची जबाबदारी आमच्याकडे होती म्हणून दुपारी तीनलाच घर सोडलं. रात्री साडेदहाला परत आलो तर घरात प्रचंड गारठा. म्हटलं, हीटर बंद पडला की काय! दिवा लावला तेव्हा कळलं, बागेकडचं दार सताड उघडं होतं.

कपाटाचे सगळे खण जमिनीवर पालथे. लॅपटॉप दोन्ही जागेवर. गेलं ते सोनं. बायकोच्या आईने दिलेल्या पाटल्या, माझ्या आजीची मोहनमाळ, मुलीच्या बारशाला आलेल्या बिंदल्या. देवघरातलं लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणंही गेलं. पितळेचा बाळकृष्ण तेवढा राहिला.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. पुढच्या दाराला कॅमेरा होता, हालचाल दिसली की मोबाईलवर सूचना येईल अशी सोय मी स्वतः हौसेने केली होती. त्या दिवशीच्या चित्रीकरणात आम्ही निघालेले दिसतो, पार्सलवाला दिसतो आणि रात्री आम्ही परतलेले दिसतो. चोर मागून आले. स्वयंपाकघराची खिडकी वरून तिरकी उघडी ठेवली होती, सकाळच्या चकल्यांच्या तळणाचा वास जावा म्हणून! तपासाला आलेल्या पोलिसाने ती नुसती बघितली आणि म्हणाला, "तिरकी खिडकी म्हणजे उघडी खिडकी." हे वाक्य इथल्या पोलिसांच्या पत्रकांवर छापलेलं असतं, हे मला नंतर समजलं.

आपल्याकडे घर घेतलं की आधी खिडक्यांना ग्रिल, मग सेफ्टी डोअर, मग वर कडी-कोयंडा. इथे आल्यावर बिनगजांच्या मोठमोठ्या काचा बघून वाटलं, हा देश म्हणजे शनिशिंगणापूरच! तिथे घरांना दारं नाहीत आणि २०११ मध्ये बँकेचीसुद्धा बिनकुलपाची शाखा उघडली. पण शिंगणापूरच्या पाठीशी शनिदेव आहे, आपल्या पाठीशी फक्त गृहविमा.

आकडे बघितले तर डोळे उघडतात. २०१५ मध्ये जर्मनीत घरफोडीच्या १,६७,१३६ घटना नोंदल्या गेल्या. मग त्या कमी होत गेल्या, आणि कोरोनाकाळात सगळे घरीच असल्याने २०२१ मध्ये ५४,२३६ वर आल्या. २०२३ मध्ये पुन्हा ७७,८१९. यातल्या साधारण १५ टक्केच गुन्ह्यांचा छडा लागतो. २०१७ पासून राहत्या घरातल्या चोरीला किमान एक वर्ष शिक्षा आहे, पण शिक्षेसाठी आधी चोर सापडायला हवा ना!

याच आकड्यांत एक दिलासाही आहे. जवळपास निम्मे प्रयत्न फसतात. चोर घाईत असतो. काही मिनिटांत खिडकी हलली नाही तर तो बहुतेक वेळा पुढच्या घराकडे वळतो. म्हणून इथले पोलीस सांगतात की आधी मजबूत कड्या आणि बिजागऱ्या, मग अलार्म आणि कॅमेरे. मी नेमकं उलटं केलं होतं.

चोरीनंतर मी पोलिसांच्या सल्ला केंद्राला फोन केला. एक अधिकारी घरी येऊन तासभर प्रत्येक खिडकी तपासून गेले. एक पैसा घेतला नाही, काही विकलंही नाही. त्यांनी दाखवलं की आमच्या खिडकीचे बोल्ट साधे गोल होते, एका मोठ्या स्क्रूड्रायव्हरने उचकटता येतील असे. त्याऐवजी मशरूमसारख्या डोक्याचे बोल्ट मिळतात, ते चौकटीत अडकून बसतात. सोबत किल्लीची मूठ. नवी खिडकी किंवा दार घेणार असाल तर 'आर-सी २' हा दर्जा मागा. म्हणजे स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि पाचर घेऊन आलेल्या माणसापुढे ते किमान तीन मिनिटं टिकतं.

"पण आम्ही भाड्याने राहतो," असं बरेच जण म्हणतात. मीही तेच म्हणत होतो. १ डिसेंबर २०२० पासून इथल्या कायद्यात कलम ५५४ आलं आहे. त्यानुसार घरफोडीपासून संरक्षणासाठी बदल करायची परवानगी भाडेकरू मालकाकडे मागू शकतो, आणि सबळ कारणाशिवाय मालक नाही म्हणू शकत नाही. खर्च मात्र आपला. आमच्या मालकांनी पत्र वाचून लगेच होकार दिला. एवढं साधं पत्र मी पाच वर्षांत लिहिलं नव्हतं!

आता सोन्याबद्दल, कारण खरं दुखणं ते आहे. आपण मुंबई-पुण्याहून येताना दागिने आणतो, का तर मंडळात संक्रांत आहे, डोहाळजेवण आहे. वर्षातून तीनदा घालायचे आणि ३६२ दिवस साड्यांच्या घडीत ठेवायचे. गृहविम्यात मौल्यवान वस्तूंना मर्यादा असते, आणि तिजोरीबाहेरच्या दागिन्यांना ती आणखी कमी असते. आमच्या कंपनीने दोन मुद्दे काढले. एक, खिडकी उघडी होती, म्हणजे निष्काळजीपणा, म्हणून भरपाई कापली. दोन, बिलं दाखवा. आजीच्या मोहनमाळेचं बिल कुठून आणू? शेवटी लग्नाच्या अल्बममधले फोटो पाठवले. म्हणून सांगतो, आजच दागिन्यांचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा, आणि जे रोज लागत नाही ते इथल्या बँकेच्या लॉकरमध्ये किंवा गावी ठेवा. लॉकरचाही विमा किती आहे ते विचारून घ्या.

पण मला ज्यासाठी लिहावंसं वाटलं ते कारण वेगळं आहे.

चोरीची बातमी आपल्या ग्रुपवर गेली आणि पाच मिनिटांत निकाल लागला: "हे सगळे बाहेरून आलेले लोक, यांनी देश बिघडवला." मीही रागात होतो, अंगठा दाखवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी शेजाऱ्यांकडे चौकशी केली. समोरच्या आजींनी सांगितलं, "हो, दुपारी काही परकी माणसं या घरात येताना पाहिली, हातात मोठे डबे होते." ते आमचे मित्र होते, लाडू-चिवड्याचे डबे न्यायला आलेले. आणि अंधार पडल्यावर बागेत दोन माणसं दिसली, तेव्हा आजींना वाटलं, तीही आमच्याकडचीच असतील. त्यांनी विचारलं नाही, कारण पाच वर्षांत आम्ही त्यांना 'हालो'च्या पुढे काही बोललो नव्हतो. आजींच्या दृष्टीने बाहेरून आलेला माणूस मीच होतो. त्यांना माझे पाहुणे कोण आणि चोर कोण, हे कळणार कसं?

सांगलीत आमच्या दारात अनोळखी माणूस उभा राहिला की शेजारच्या काकू गॅलरीतून विचारायच्या, "कोण पाहिजे?" तेव्हा या चौकशीचा राग यायचा. इथे आल्यावर म्हटलं, काय छान, कोणी नाक खुपसत नाही. पण काकूंचं ते विचारणं ही पहारेदारीच होती, आणि ती मी स्वतःहून सोडून आलो होतो.

गेल्या दिवाळीला मी आजींकडे फराळाचं ताट घेऊन गेलो. शंकरपाळ्या आवडल्या, चकली तिखट लागली. आता आम्ही भारतात गेलो की त्या पत्रपेटी रिकामी करतात आणि संध्याकाळी शटर खाली करतात. त्या मुलीकडे गेल्या की आम्ही त्यांच्या घरावर लक्ष ठेवतो. ग्रुपवरचा तो अंगठाही मी काढून टाकला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे जातात. पोलिसांनी तोच दिवस घरफोडी प्रतिबंधाचा म्हणून ठरवला आहे, कारण त्यानंतर पाच वाजताच अंधार होतो आणि चोरांचा हंगाम सुरू होतो. आपली दिवाळी बरोबर याच सुमारास. तर या वर्षी तो जादा मिळालेला तास झोपेत घालवू नका. खिडक्यांच्या मुठी तपासा, बाहेर जाताना दार नुसतं ओढून न घेता किल्ली दोनदा फिरवा, आणि कधी घरी येऊन काही विपरीत दिसलं तर आत न जाता ११० ला फोन करा. उरलेल्या वेळात शेजाऱ्यांची बेल वाजवून या.

बायको अजूनही घरी शिरल्यावर आधी स्वयंपाकघराची खिडकी बघते. मोहनमाळ काही परत आली नाही. आईने मात्र परवा विचारलं, "तुझ्या त्या जर्मन आजींना चकली कमी तिखट करून दिलीस ना?"