‘आकर्षक’ प्रारंभाचा दुराग्रह

कथालेखनाच्या शिबिरांतून एक सिद्धान्त निर्विवाद म्हणून सांगितला जातो : पहिल्याच वाक्याने वाचकाला पकडले पाहिजे. ‘पकडणे’ हे क्रियापदच मुळात शिकाऱ्याचे आहे. त्यात वाचक हा सहृदय नसून सावज असतो. पन्हाळ्यावर भरलेल्या अशाच एका शिबिरात या सिद्धान्ताचे फळ पाहावयास मिळाले. विषय होता गडाचा वेढा. जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याची कथा जुलै १६६० मधील त्या एकाच रात्रीपासून सुरू झाली : कोसळता पाऊस, वीज, पालखी, चिखलातली पावले. मार्चपासून गडाभोवती बसलेला सिद्दी जौहर आणि ते चार महिने मात्र एका वाक्याची ‘पार्श्वभूमी’ होऊन गेले. विषय वेढ्याचा, आणि कथेत वेढाच नाही!

दोष विद्यार्थ्यांचा नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहून कथारचना ही अभ्यासाचा विषय होऊ शकते, हे ठामपणे मांडले. प्रतिभेभोवतीचे गूढ त्यामुळे काहीसे विरळ झाले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु तंत्राचा नियम झाला, आणि नियमाचा साचा. गाडगीळांच्या पिढीच्या नवकथेने तो साचा मोडला. शिबिरांनी तो पुन्हा सांधला आहे.

या साच्यामागील गृहीतक तपासले पाहिजे. पुढे काय होणार हे ठाऊक नसणे म्हणजेच उत्कंठा, असे ते गृहीतक आहे. आपल्या कथनपरंपरेने ते कधीच मानलेले नाही. याच पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेल्या मोरोपंतांनी आर्यांत महाभारत रचले, तेव्हा त्यातील कोणता प्रसंग श्रोत्यांना अज्ञात होता? नारदीय कीर्तनात आख्यान येते ते उत्तररंगात; आधी नमन, मग पूर्वरंगातील निरूपण. श्रोता तेवढा वेळ थांबतो, कारण कथेकडे कोणत्या दृष्टीने पाहावयाचे, हे त्याला तेथे मिळते. सभासदाची बखर राजाराममहाराजांच्या विचारणेला दिलेल्या उत्तराच्या रूपाने सुरू होते. कोण, कोणाला, कशासाठी सांगतो आहे, हे आरंभीच ठरते. आणि होमर श्रोत्याला थेट घटनांच्या मध्यात नेतो म्हणून होरेसने त्याची प्रशंसा केली, तीही ‘जणू श्रोत्याला सारे ठाऊकच आहे’ अशा रीतीने नेतो म्हणून. आपले तंत्रवादी यातील पहिला भाग तेवढा उचलतात.

तात्पर्य, प्रारंभ हे आमिष नव्हे. ते निवेदकाच्या भूमिकेचे विधान असते. त्या पावसाळी रात्रीपासून सुरू झालेली कथा निसटण्याची आणि पराक्रमाची होते. अंबरखान्याच्या कोठीत उरलेले धान्य मोजणाऱ्या माणसापासून सुरू झालेली कथा तगून राहण्याची होईल. घटना त्याच, अर्थ निराळा. म्हणजे आरंभाची निवड ही इतिहासाविषयीची निवड असते, आणि ‘आकर्षकते’च्या नावाखाली ती आपण विद्यार्थ्याच्या हातून काढून घेतो. त्याला वाटते, आपण शैली निवडली. प्रत्यक्षात त्याने एक तयार अर्थ स्वीकारलेला असतो.

रटाळ प्रारंभाची ही भलामण आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तसे नाही. कोठीतले धान्य मोजणारा माणूसही वाचकाला धरून ठेवू शकतो. मात्र त्यासाठी विजेचा कडकडाट पुरत नाही, त्या धान्यावर किती दिवस निघतील हे लेखकाला ठाऊक असावे लागते. शिबिरात शिकवावयाचे असेल, तर ते हे मोजणे शिकवावे.