शिवी दिली, पण नोंद केली



दाव्यांच्या फायली परत यायला लागल्यात. वर शेरा एकच, "पुरावा नाही." मागच्या बैठकीला आपण कात्रपला जमलो होतो. तिथं एका मावशीनं विचारलं, "सासऱ्यानं घातलेला बांध मी साहेबाला दाखवला. अजून कागद कुठला आणू? आमच्यात लिहिणारं कोण होतं?"

बरोबर बोलली ती. आमच्यात लिहिणारं कोणी नव्हतं. पण आमच्याबद्दल लिहिणारे होते, आणि त्यांनी लिहिलेलं आजही कपाटात पडून आहे. ते बघायला आम्ही चौघं वाचनालयात गेलो. दारात चपला काढतानाच अंग चोरलं जात होतं. बाकावरच्या एका पोरानं विचारलं, कुठल्या परीक्षेचा अभ्यास? आम्ही म्हटलं, जमिनीच्या.

पहिलं मागितलं ते ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर. १८८२ साली इंग्रज सरकारनं छापलेलं. इंग्रजीत आहे, आणि आमचं इंग्रजी बारावीपर्यंतचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन एका पानाला अर्धा तास गेला. पण त्यात ठाकूर आहेत, कातकरी आहेत, वारली आहेत. खैरापासून कात करणारे ते कातकरी, हेही लिहिलंय. कातकऱ्यांना त्यात नावं पण ठेवलीत, चोर काय, दारुडे काय. वाचताना कानशील तापलं. एक साथी म्हणाला, मिटा हे पुस्तक. दुसरी म्हणाली, थांब, आधी साल बघ.

साल १८८२. म्हणजे सरकार स्वतःच्या हातानं लिहितंय की ही माणसं ह्या डोंगरात राहतात. शिवी दिली, पण नोंद केली. आज त्याच सरकारच्या खुर्चीवरून आपल्याला विचारतात, तुम्ही इथं कधी आलात?

जंगल राखीव करायचा कायदा १८७८ चा. त्यानं जंगल बंद व्हायला लागलं, राबासाठी फांदी तोडायला आडकाठी आली आणि ठाणे, कुलाब्यातून ओरड झाली. ओरड एवढी की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. ओरड करायला आधी तिथं माणसं असावी लागतात. मग अतिक्रमण कोणी कोणावर केलं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

मराठीत वाचायचं तर ना. गो. चापेकरांचं 'बदलापूर' मागा. हे न्यायाधीश होते, निवृत्तीनंतर बदलापुरात राहिले आणि १९३३ साली आपल्या गावावर जाडजूड पुस्तक काढलं. कात्रप म्हणजे आज बिल्डिंगी आणि रिक्षा, पण ह्या पट्ट्यातलं तेव्हाचं जगणं कसं होतं ते समजायला दुसरं एवढं पुस्तक नाही. एवढंच ध्यानात ठेवा, लिहिणारा ओसरीवर बसलेला आहे आणि आपण अंगणाच्या पलीकडं. जे ओसरीवरून दिसलं नाही ते पुस्तकात येणार नाही. ल. ना. चापेकरांचं १९६० सालचं इंग्रजी पुस्तक तर अख्खं सह्याद्रीतल्या ठाकरांवरच आहे. कोणीतरी आपल्या आज्या-आजोबांच्या ओट्यावर बसून विचारत होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

जनगणनेची जिल्हा पुस्तकं पण बघा, १९५१ पासूनची. गावाचं नाव, घरं, माणसं, असं गाववार मिळतं. बारवी धरणाच्या पाण्याखाली गेलेली जागा आज दाखवता येत नाही, पण धरणाआधीच्या जुन्या नकाशात आणि ह्या पुस्तकांत शोधता येते. एक सावधगिरी. १९७६ चा दुरुस्ती कायदा येईपर्यंत काही जमातींना ठराविक तालुक्यांतच आदिवासी धरत होते. म्हणून जुन्या पुस्तकात आदिवासींचा आकडा कमी दिसला, तर माणसं नव्हती असा अर्थ कोणाला काढू देऊ नका.

आता कायद्याचं. वनहक्क नियम २००८, त्यातला नियम १३. पुराव्याच्या यादीत गॅझेटियर आणि जनगणना नाव घेऊन लिहिलेत. त्याच यादीत म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब आहे, वंशावळ आहे, बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा आहे. एकाहून जास्त पुरावे जोडायचे. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा असतो. ७५ वर्षांची अट बिगर-आदिवासी वननिवासींना आहे. ती आपल्याला कोणी लावली तर नियमाचं पान समोर ठेवा.

पण फसवणूक नको. गॅझेटियरमध्ये तुमच्या शेताचा तुकडा सापडणार नाही. जमात इथली आहे एवढं ते सांगेल. तिथून तुमच्या चुलीपर्यंतची वाट वंशावळीनं बांधायची. त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा, जन्ममृत्यूची नोंद, लोक कोतवाल बुक म्हणतात ते. शाळेचं जुनं रजिस्टर बघा. आज्याचं नाव एका कागदात सापडलं आणि म्हातारीच्या जबाबात तेच नाव आलं, की दोन्ही एकमेकांना धरून राहतात. जुना कागद मोडीत असला तर टाकून देऊ नका, मोडी वाचणारी माणसं आहेत.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. बदलापुरातच जुन्या मराठी पुस्तकांसाठी ग्रंथसखा आहे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार. जाताना दोघं-तिघं जा, एकटं गेलं की लाजायला होतं. पुस्तकाचं नाव, साल, पान वहीत उतरवा, झेरॉक्सवर शिक्का मिळतो का विचारा. स्वतःचा अस्सल कागद कुठंच सोडून येऊ नका.

कागद आणखी थोडे दिवस थांबेल, माणसं थांबणार नाहीत. मागच्या पावसाळ्यात आपल्या दोन वाड्यांतली तीन म्हातारी माणसं गेली, एकाचाही जबाब झाला नव्हता. म्हणून प्रत्येक वाडीच्या वनहक्क समितीनं राबणी सुरू व्हायच्या आत वही धरून बसायचं आहे.

त्या मावशीपासून आम्ही सुरुवात केली. नवऱ्याकडची पाच नावं तिनं न थांबता सांगितली. सहावं आठवेना. तिची थोरली नणंद मुरबाडकडं दिलेली आहे, तिला विचारायला परवा जातोय.