आधी पाणी, मग पुट्टी

धानाचा चुकारा खात्यात जमा झाला की आमच्या भागात दोन गोष्टींना वेग येतो, लग्नांना आणि बांधकामांना. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयासाठी उठलेल्या गावांची नवी गावठाणं या दिवसांत फिरून पाहावीत. सरळ रस्ते, एका मापाचे प्लॉट आणि जागोजागी दारापुढे रेती-गिट्टीचे ढीग. नवं घर क्वचितच निघतं. बहुतेक ठिकाणी आहे त्याच घराचं ‘एलिव्हेशन’ चालू असतं. मुलगा नागपूर-पुण्याहून मिस्त्रीला मोबाइलवर फोटो पाठवतो. फोटोतला बंगला इंदूर-हैदराबादकडचा, तीन मजली, पुढे काचा, मधे लाकडासारखी पट्टी. इकडे घर एकमजली, वीस-पंचवीस फुटी तोंडाचं. मिस्त्री दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहतो आणि म्हणतो, ‘‘होऊन जाते जी.’’

आजचा लेख या ‘होऊन जाते’बद्दल आहे.

खेड्यातल्या चकचकीत टाइल्सना हसणारी मंडळी शहरात पुष्कळ भेटतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी या धरणाचं भूमिपूजन केलं आणि पवनी, कुही तालुक्यांतल्या नदीकाठच्या घरांवर ‘बुडीत’ असा शिक्का बसला. जे घर बुडणारच आहे, त्याचे कवेलू कोण फेरणार? भिंत अंगावर येऊ नये एवढीच डागडुजी करत एक पिढी मोठी झाली. मोबदला, वाढीव मोबदल्याचे दावे, नव्या गावठाणांतल्या 18 नागरी सुविधांसाठीची आंदोलनं, 2013 सालचं सुमारे बाराशे कोटींचं विशेष पॅकेज, असा सगळा प्रवास झाला. प्लॉटवर घर उभं राहिलं तेव्हा हातातले पैसे भिंती आणि स्लॅब यांतच संपले, बाहेरचा गिलावा अनेकांचा राहूनच गेला. वर्षानुवर्षं ‘आज ना उद्या उठायचं’ म्हणून जगलेल्या माणसाला आपल्या दारापुढे उभं राहून ‘आता बसलो’ असं म्हणावंसं वाटत असेल, तर त्याचं घर देखणं दिसलंच पाहिजे. माझी तक्रार पैसा कुठल्या क्रमाने खर्च होतो याबद्दल आहे. बहुतेक ठिकाणी तो क्रम उलटा असतो.

जुन्या गावातल्या घराचा दर्शनी आराखडा कुणी कागदावर काढला नव्हता. कवेलूंचा उतार भिंतीच्या हात-दीड हात पुढे येई, त्याखाली छपरी असे. पश्चिमेचं ऊन आणि पावसाचा मारा छपरीच झेली. मातीची भिंत टिकली ती त्या पुढे आलेल्या कडेमुळे. दिवाळीआधी भिंतींवर पांढऱ्या मातीचा पोतारा फिरे, तो उजळ दिसे आणि ऊनही परतवी. दिसणं आणि टिकणं यांचं अंदाजपत्रक वेगवेगळं नव्हतं. स्लॅबच्या घरात छपरी गेली, तिच्या जागी दीड फुटाचा छज्जा आला. आता एलिव्हेशनमध्ये तोही ‘आडवा येतो’ म्हणून छाटला जातो.

म्हणून पहिला हिशेब पाण्याचा. बाहेरच्या भिंतीवर एक रुपया घालण्याआधी गच्चीवर जा, बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं, कुठे थांबतं ते बघा. सजावटीसाठी पुढे उंच भिंत उभी केली की गच्चीचा पाइप तिच्याआड दडतो, पानांनी बुजतो आणि जुलैत स्लॅबवर तळं साचतं. तेच पाणी झिरपत पुढच्या भिंतीत उतरतं आणि नवी पुट्टी पापुद्र्यांनी सुटते. दोष मात्र रंगाच्या कंपनीला. छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, बोट बसेल एवढी खाच ठेवायला सांगा. पाणी कडेवरून वळून खालच्या अंगाने भिंतीकडे सरकत असतं, खाच आली की तिथेच तुटून खाली टपकतं. गिलावा ओला असताना पट्टी दाबली की खाच तयार, वेगळा खर्च नाही. पण सांगितल्याशिवाय ती कुणी ठेवत नाही, आणि दोन पावसाळ्यांत खिडक्यांवर काळे ओघळ उतरतात.

पाणी खालूनही येतं. ऑगस्ट 2020च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी वैनगंगेत आलं, गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले आणि धरणाच्या वर भंडारा शहरात, खाली पवनी-ब्रह्मपुरीकडे वस्त्यांत पाणी शिरलं. पाण्यात उभ्या राहिलेल्या भिंतीला वाळायला महिने लागतात. तिच्यावर घाईने टाइल्स लावल्या तर ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते. टाइल्सच्या मागून वर चढून ती वरच्या कडेशी मिठाच्या पांढऱ्या रेघेसह बाहेर येते. सुटलेला गिलावा आधी खरवडा, भिंत वाळू द्या, जोत्याशी फरशी घालताना उतार घरापासून नालीकडे द्या.

मग मालाची पारख. वैनगंगेच्या रेतीचं एवढं नाव, पण ती महागली आणि ट्रॉलीत मातीही येऊ लागली. काचेच्या ग्लासात मूठभर रेती टाका, पाणी घालून हलवा आणि तासभर ठेवून द्या. वर बसलेला गाळाचा थर जाड दिसला तर ती ट्रॉली परत पाठवा. मातीमिश्रित रेतीचा गिलावा पहिल्या उन्हाळ्यातच जाळीसारखा तडकतो.

टाइल्सचं काम जवळ उभं राहून बघण्यासारखं असतं. मिस्त्री टाइलच्या पाठीवर सिमेंटचे चार-पाच गोळे ठेवतो, भिंतीवर दाबतो, लाकडी हातोडीने ठोकून पातळीत आणतो. समोरून काम आरशासारखं दिसतं, मागे निम्मी जागा पोकळ. दोन बाय चारची टाइल पंधरा किलोच्या आसपास भरते. मे महिन्याचं ऊन दिवसभर खाऊन तिच्यावर अचानक वळवाची सर आली की ती आकसते, गोळ्यांवरची पकड सुटते आणि दरवाजावर दहा फुटांवरून पंधरा किलो खाली येतात. काम झाल्यावर नाण्याने एकेक टाइल वाजवून बघा. भरीव टाइल ‘टक्’ करते, पोकळ टाइल ‘ढब’. बाहेरच्या भिंतीला दातेरी थापीने टाइलच्या पूर्ण पाठीवर मसाला लावून घ्यावा, जुना रंग खरवडून भिंत खडबडीत करावी. आणि माणसाच्या उंचीच्या वर टाइल किंवा दगड हवाच आहे का, हेही विचारावं. वरच्या भागाला साधा टेक्श्चर रंग पुरतो. फिका निवडला तर खोलीतली उष्णताही कमी होते.

यानंतर वजन. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी या माती तोंडपाठ असतात. कुठल्या बांधीत कुठलं धान येईल ते तो झोपेतही सांगेल. घर वाढवताना मात्र हे ज्ञान बांधावरच राहतं. कन्हार पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मूळ घराचा पाया खोल असतो, नंतर काढलेल्या पोर्चच्या दोन खांबांना हातभर खड्डा. वरून पोर्चचा स्लॅब जुन्या भिंतीत घुसवलेला. खांब खचले की पोर्च भिंतीलाही सोबत ओढतो आणि जोडावर तिरपी भेग पडते. दर दिवाळीला ती पुट्टीने बुजते, दर पावसाळ्यात पुन्हा उघडते. पोर्चच्या खांबांचा पाया मूळ पायाएवढा खोल न्यावा, घर आणि पोर्च यांच्यात सांधा मोकळा ठेवून वरून पत्र्याची पट्टी द्यावी. छज्जाला कठडा लावून त्याची बाल्कनी करण्याचा उद्योग तर करूच नये. छज्जातलं लोखंड पावसाचं पाणी झेलण्यापुरतं असतं, वरातीला उभ्या राहिलेल्या दहा जणांसाठी नसतं.

समोरची खोली दुकानासाठी काढताना धोका आणखी वाढतो. शटर मोठं हवं म्हणून भिंत तोडतात, आणि आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ती भिंतच खांबाचं काम करत असते. 25 जुलै 2017 रोजी मुंबईत घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावरच्या फेरबदलांत इमारतीच्या आधारालाच हात घातल्याचा ठपका आला होता. एकमजली घर कोसळलं तर बातमी छोटी होते, घरच्यांचं दुःख नाही. शटरवर बीम आणि बीमखाली दोन्हीकडे खांब, हे इंजिनिअरकडून कागदावर घेतल्याशिवाय घण उचलू देऊ नका.

एका गावठाणात एका ओळखीच्या म्हाताऱ्याने पुढची गॅलरी चार फूट पुढे काढायचा बेत मला सांगितला. मी वर बोट दाखवलं. गॅलरीच्या रेघेत विजेच्या तारा होत्या. ‘‘अजी, ते त पयलेपासूनच हाय,’’ तो म्हणाला. तार पहिल्यापासून आहे हे खरं, पण तारेकडे सरकत जाणारं घर आपण असतो. नियम साधा आहे. घरगुती विजेच्या उघड्या तारेपासून आणि 11 केव्हीच्या लाइनपासूनही आडवं अंतर किमान 1.2 मीटर हवं, 33 केव्हीच्या लाइनपासून दोन मीटर. लाइन घरावरून जात असेल तर घरगुती तारेखाली अडीच मीटर आणि 11 केव्हीखाली 3.7 मीटर मोकळी जागा लागते. अंतर बसत नसेल तर आधी महावितरणकडे लाइन सरकवण्याचा अर्ज, मग सेंट्रिंग. काम चालू असताना लोखंडी परांची आणि रंगाऱ्याची ॲल्युमिनियमची लांब दांडी तारेच्या बाजूला येऊच देऊ नये. घरमालक वाचतो आणि रोजंदारीचा पोरगा चिकटतो, असंच बहुधा घडतं.

धरण पाहायला येणारी गर्दी आता वाढती आहे. 2024 मध्ये अंभोऱ्याचा नवा पूल खुला झाल्यापासून सुटीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, जलपर्यटनाच्या योजना आहेत, म्हणून रस्त्याकडेला ढाबे, नाश्त्याची दुकानं, लॉन निघत आहेत. यांना लांबून दिसायचं असतं, त्यामुळे बोर्ड मोठा आणि पुढचा दर्शनी भाग एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) शीटचा. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, 17 जणांचा जीव गेला. परवानगीच्या मापापेक्षा ते कितीतरी मोठं होतं. आपल्याकडचं अवकाळी वादळ मुंबईच्या वादळापेक्षा गरीब नसतं. दुकानाचा बोर्ड पॅरापेटच्या विटांना खिळ्यांनी ठोकू नये, बीमला बोल्टने कसावा. टिनाच्या शेडचे हूक दर एप्रिलमध्ये तपासावे. एसीपीची गोष्ट आणखी गंभीर. दोन पातळ पत्र्यांमध्ये स्वस्त शीटला प्लॅस्टिकचा गाभा असतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी आग लागली तेव्हा अशाच आवरणातून ती बाहेरच्या बाहेर वर चढली, 72 माणसं मेली. ढाब्याची भट्टी आणि बोर्डाची वायरिंग याच शीटमागे असते. आगीला दाद न देणाऱ्या गाभ्याची शीट मिळते, ती मागावी. तीही भट्टीपासून दूर आणि मागचं दार मोकळं ठेवून लावावी.

बाहेरून वाढवणं आणि सजवणं हे आपल्याकडे नवं नाही. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केलं, तेव्हा तिथे विटांचा मोठा स्तूप निघाला. तो एकाच काळातला नव्हता. मूळ स्तूपाला पुढच्या काळात विस्तार मिळाला, कोरीव खांबांचा दगडी कठडा आला, दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरली गेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी नक्षी काढली ती कठड्यावर. फिरणाऱ्यांची वाट ज्याने आखून दिली, तोच भाग त्यांनी सुंदर केला. आपल्या घरालाही हे जमतं. नक्षी हवी तर ती छज्जाच्या कडेला, कठड्याच्या जाळीला, पायऱ्यांच्या कडांना द्या. कठडा मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर हवा. त्याचे गज उभे ठेवा, आडव्या गजांवर पोरं शिडीसारखी चढतात.

बाकी कागदपत्रं आणि पैसा. गावठाणातल्या वाढीव बांधकामाला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे परवानगी लागते. पायरी, ओटा किंवा गाडीचा रॅम्प नालीवर गेला तर पावसाळ्यात शेजाऱ्याच्या घरात पाणी आणि आपल्या घरात भांडण येतं. पैशाचे तीन वाटे करा. पहिला गच्ची, पाइप, भेगा आणि जोत्यासाठी. दुसरा छज्जा, कठडा, तारेचं अंतर आणि पायऱ्यांसाठी. फोटोतला बंगला तिसऱ्या वाट्यात बसेल तेवढाच. गिलावा आणि टाइल्सचं काम थंडीत उरकावं, मे महिन्याच्या उन्हात गिलाव्यातलं पाणी उडून जातं आणि पाणी मारायला टाकीतही पाणी नसतं.

आणि मिस्त्रीशी बोलणी करतानाच एक अट घाला. शेवटचा हप्ता मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर मिळेल, भिंतीवर ओल नसेल तर पूर्ण. या अटीवरही जो ‘होऊन जाते जी’ म्हणेल, त्यालाच काम द्या.