थांबा म्हणण्याचा अधिकार

सोयाबीनच्या हंगामात मुरुमच्या बाजार समितीत पोत्यांच्या थप्प्या लागतात, तेव्हा तोलारास मान वर करण्याचीही सवड नसते. काट्यावर पोते, हाती वही, तोंडी आकडा. आणि नेमके त्याच वेळी कोणीतरी "अहो, जरा इकडे बघा" म्हणून खांद्यावर हात ठेवतो. आकडा चुकला तर नुकसान हात ठेवणाऱ्याचे होत नाही. ज्याच्या शेतातून ते पोते आले त्याचे होते. अशा वेळी तोलाराने न बोलता पंजा उभारला तर तो उद्धटपणा नव्हे, कर्तव्यच होय. १९७४ साली अमेरिकेत शार्लट येथे उतरताना एक विमान कोसळले, त्यास वैमानिकांच्या अवांतर गप्पांतून आलेली बेशिस्त कारणीभूत ठरली. पुढे १९८१ मध्ये तेथील शासनाने उड्डाणाच्या व उतरण्याच्या नाजूक वेळी, दहा हजार फुटांच्या खाली, असले बोलणे नियमानेच बंद केले.

तोलाराच्या पाठीशी असा नियम नाही. साहेब कामात आहेत म्हटले की माणसे निमूटपणे बाकावर बसतात; तोलार, परिचारिका किंवा एस.टी.चा वाहक कामात आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. त्यांनी "थांबा" म्हटले की लगेच त्यांचा माज निघतो!

वस्तुतः ज्या कथेवर महाराष्ट्राची भक्ती उभी आहे, ती याच्या अगदी उलट आहे. आईवडिलांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाच्या दारी प्रत्यक्ष देव आला. पुंडलिक उठला नाही, त्याने दारही लावले नाही. हाताशी असलेली वीट देवाकडे टाकून सेवा आटोपेपर्यंत तीवर उभे राहण्यास विनविले. लहानाने मोठ्यास थांबविले आणि मोठा थांबला.

यात वीट महत्त्वाची. थांबावयास सांगणाऱ्याने कोठे व कोठवर, हे सांगितले पाहिजे. "एवढी दहा पोती होऊ द्या, मग तुमचेच ऐकतो" या वाक्यात वीट आहे; कचेरीतल्या "उद्या या" मध्ये ती नाही, कारण त्या उद्याला तारीख नसते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने २०१५ साली अधिसूचित सेवांना मुदत बांधून दिली व ती टळल्यास अपिलाची वाट ठेवली, ती याच उणिवेपोटी.

कायद्याचा हात घराच्या ओसरीपर्यंत मात्र पोचत नाही. तेथे दहावीच्या परीक्षेस बसलेल्या मुलीस पाहुणे दिसताच पुस्तक पालथे घालून चहास उठावे लागते. भाऊ 'अभ्यासात' असतो. "एवढे गणित सोडवून येते" असे तिने म्हटले तर आईने ते उद्धट उत्तर का समजावे? आणि पाहुण्यांनीच "राहू द्या, तिला उठवू नका" म्हटले, तर चहा अर्ध्या तासाने आल्याने कोणाचे काय बिघडणार आहे?