पाऊलखुणा पुसणारा झाडू आज कोणाच्या हातात आहे?



पेशवाईत पुण्यातल्या अस्पृश्याच्या कमरेला झाडू असे. आपल्या पावलांचा माग आपणच पुसत चालायचे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात हे लिहून ठेवले. गंमत अशी, की गावात चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढायला बोलावणे महारालाच! पाऊल विटाळाचे, नजर मात्र गावाच्या हक्काची.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आमची पावले उमटली. त्यांना उत्तर मिळाले ते लाठ्यांचे, आणि नंतर तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून केलेल्या 'शुद्धी'चे. खूण पुसण्याची ती सवय आजही गेलेली नाही.

आज अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार फितूर होतात. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे, त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? पण चिखलातला बुटाचा ठसा फितूर होत नाही. टायरची नक्षी, कडीकोयंड्यावरचा पहारीचा ओरखडा, बाटलीवरचे बोट यांना कोणी दम देऊ शकत नाही. मात्र ते वाट पाहत नाहीत. महाड-पोलादपूरचा आषाढातला पाऊस बाहेरचा ठसा तासाभरात धुऊन नेतो. पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला, तर पंच काय चिखल मोजणार?

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. त्यासाठीही राज्यांना पाच वर्षांची सवलत! आणि अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मधले गुन्हे, म्हणजे पाणवठा घाण करणे, जमीन बळकावणे, सामाजिक बहिष्कार? त्यांची कमाल शिक्षा पाच वर्षे. म्हणजे ज्या पाण्यासाठी महाड पेटले, तेच पाणी कोणी नासवले तर तज्ज्ञ पाठवण्याची सक्ती नाही. ही सात वर्षांची अट अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यांना लावू नये, ही आमची मागणी आहे.

कोणी म्हणेल, पाऊलठशाला न्यायालय फार वजन देत नाही. खरे आहे. १९५६ च्या प्रीतम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे शास्त्र प्राथमिक अवस्थेतले म्हटले. पण इतर पुराव्याला बळकटी म्हणून ते चालते, हेही मान्य केले. एकटा ठसा जातीय हेतू सिद्ध करणार नाही, पण 'मी तिथे नव्हतोच' हे खोटे पाडू शकतो.

आम्ही विज्ञानाचे भक्त नाही. १९११ च्या गुन्हेगारी जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवून माणसांच्या बोटांचे ठसे घेतले, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच ठसा कोणाचा घ्यायचा आणि कोणाचा धुऊन जाऊ द्यायचा, हे एकट्या ठाण्यावर सोडायचे नाही.

कार्यकर्त्यांनो, घटना घडली की आधी ११२ ला फोन करा आणि गर्दी मागे सारा. ठशावर घमेले किंवा टब पालथा घाला, कड ठशाला लागू देऊ नका. शेजारी मोजपट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढा, मग बॅटरी आडवी धरून दुसरा. साचा मात्र स्वतः ओतू नका. ते काम तज्ज्ञाचे, नाहीतर आरोपीचा वकील तुमच्यावरच उलटेल. ठशांची नोंद पंचनाम्यात झाल्याशिवाय जागा सोडू नका, आणि तशी लेखी मागणी देऊन पोच घ्या.

कमरेचा झाडू आम्ही केव्हाच फेकला. आता दुसऱ्यांनी आमच्या दारातल्या खुणा पुसायच्या आणि आम्ही बघत राहायचे, हे चालणार नाही.

जय भीम!