गावठाणाची रेषा आणि वाढते कुटुंब

पनवेल-उरण परिसरातील कोणत्याही जुन्या गावात जावे. बापाच्या कौलारू घराला लागून, परसात, थोरल्या मुलाचे सिमेंटचे घर उभे दिसते आणि दोन पावलांवर धाकट्याचे. सरकारदरबारी ही ‘अनधिकृत बांधकामे’. गावकऱ्यांच्या लेखी ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. एकाच भिंतीला ही दोन नावे का पडली?

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निश्चित झाल्या. शेती गेली, गावठाण तेवढे उरले. जमीन महसूल संहितेच्या १२२ व्या कलमान्वये त्याची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. म्हणजे ती वेळीच वाढविता आली असती. कुटुंबे वाढली, रेषा हलली नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी बळी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली ती १९९० मध्ये. भूखंडाची वाट पाहत मुलांची लग्ने थोडीच थांबतात?

अटळ गरजेवर बंदी घातली की गरज संपत नाही. ती आडवाटेने आणि निकृष्ट रीतीने भागविली जाते. येथे तेच झाले. नकाशा मंजूर होणारच नसेल, तर मोकळी जागा कोण सोडील? गल्ल्या अरुंद झाल्या, अग्निशामक बंब आत शिरेना. कागद नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. मग ठेकेदारच भागीदार झाला आणि ‘गरजे’च्या आडून भाड्याच्या इमारती उठल्या. त्यांतच कितीएक अल्पवेतनी कारकून राहतात, हेही विसरता येत नाही.

‘आम्ही नियमाने पैसे मोजून सदनिका घेतली, नियम मोडणाऱ्यांना बक्षीस का?’ हा शहरवासीयांचा प्रश्न गैर नाही. परंतु ज्यांच्यासाठी पाळता येईल असा नियमच नव्हता, त्यांना निव्वळ नियमभंगाचा दोष देणे न्यायाचे नव्हे.

मूळ गावठाणापासून २५० मीटरपर्यंतची अशी घरे नियमित करण्याचा निर्णय शासनाने २०२२ साली घेतला, तो स्वागतार्हच होता. तथापि नियमितीकरण हा झाल्या गोष्टीवरील शिक्का होय. उद्याच्या पिढीसाठी घराच्या जागेत दुसरे घर बांधण्याची आगाऊ व स्पष्ट मुभा हवी : मजल्यांची मर्यादा, घराघरांतील अंतर, बंब जाईल एवढी वाट आणि ठराविक मुदतीत परवानगी. ही मर्यादा ओलांडणाऱ्या इमारतीस मग ‘गरजेपोटी’ हा शब्द वापरता येऊ नये. पाळता येण्याजोगा नियम आधी द्यावा. तो मोडणाऱ्यास शासन करण्याचा नैतिक अधिकार त्यानंतरच प्राप्त होतो.